डीनचे ६० गोल आणि ऑफसाइडचा नियम: एका अर्धसत्याचा प्रतिवाद

इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल लीगमध्ये १९२७-२८ च्या मोसमात एव्हर्टनचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या मध्यभागी खेळणारा मुख्य गोलकर्ता, विल्यम राल्फ डीन, म्हणजेच डिक्सी डीन, याने ३९ सामन्यांत ६० गोल केले. तो विक्रम आजही अबाधित आहे. २०२२-२३ मध्ये एर्लिंग हालंडने मँचेस्टर सिटीकडून ३५ सामन्यांत ३६ गोल करून प्रीमियर लीगचा विक्रम मोडला, तेव्हा डीनचे नाव पुन्हा चर्चेत आले आणि त्याच्यामागोमाग एक जुना दावाही नव्या जोमाने फिरू लागला. त्याचा सारांश असा: १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला आणि बचावपटूंना त्यावर उतारा सापडला नव्हता, समोरचे संघ दुबळे होते, सामने आजच्यापेक्षा जास्त होते, मोटारसायकलच्या अपघातानंतर डोक्यात पोलादी पट्टी बसवल्यामुळे डीनला हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू, मारणे सोपे जाई, शेवटच्या सामन्यातले गोल त्याला बहाल करण्यात आले, तो एकाच मोसमाचा खेळाडू होता आणि इंग्लंडकडून खेळताना त्याचे पितळ उघडे पडले. तात्पर्य, ६० हा आकडा खेळाडूचा नसून काळाचा आहे.

या दाव्यात एक गोष्ट खरी आहे आणि तिच्याच आधारावर बाकीच्या सगळ्या खपून जातात. ती खरी गोष्ट म्हणजे ऑफसाइडचा नियम, म्हणून सर्वाधिक वेळ तिलाच द्यायला हवा.

जून १९२५ पर्यंत नियम असा होता की सहकारी चेंडू पुढे देतो त्या क्षणी आघाडीपटू आणि प्रतिस्पर्ध्यांची गोलरेषा यांच्या दरम्यान किमान तीन प्रतिस्पर्धी असले पाहिजेत, नाही तर तो ऑफसाइड ठरून खेळ थांबवला जाई. त्यात सामान्यतः एक गोलरक्षक आणि दोन फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, मोजले जात. याचा फायदा असा की एका फुलबॅकने दोन पावले पुढे सरकून सापळा लावला तरी दुसरा मागे राखणीला उरत असे. चाल फसली तरी घर उघडे पडत नसे. न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकनने हा डाव इतका पक्का बसवला होता की मध्यरेषेच्या आसपासच शिट्ट्या वाजत राहत आणि प्रेक्षक कंटाळून जात. १९२५ च्या उन्हाळ्यात तीनचे दोन झाले. आता सापळा लावणारा फुलबॅक चुकला तर आघाडीपटूपुढे एकटा गोलरक्षक राहू लागला. पहिल्या श्रेणीत १९२४-२५ मध्ये ४६२ सामन्यांत १,१९२ गोल झाले होते. पुढच्याच मोसमात तेवढ्याच सामन्यांत १,७०३ झाले. ही वाढ जवळजवळ ४३ टक्क्यांची आहे आणि तिचे श्रेय नियमालाच जाते. डीनच्या विक्रमी मोसमात हा आकडा आणखी वर, १,७६५ वर गेला होता, म्हणजे सामन्यामागे ३.८२ गोल. १९२४-२५ मध्ये हीच सरासरी २.५८ होती.

इथपर्यंत दावा करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. भांडण सुरू होते ते यापुढच्या पायरीवर. नियम सगळ्यांसाठी बदलला होता. पहिल्या श्रेणीच्या बावीसही संघांच्या सेंटर फॉरवर्डना तो सारखाच लागू होता. मग त्या नियमाने इतरांना कुठवर नेले, हे पाहिल्याशिवाय डीनच्या ६० पैकी किती गोल नियमाच्या नावावर टाकायचे हे ठरत नाही. नियमबदलापूर्वी पहिल्या श्रेणीतला एका मोसमाचा विक्रम ३८ गोलांचा होता. तो १९०८-०९ मध्ये एव्हर्टनच्याच बर्ट फ्रीमनने केला आणि १९२०-२१ मध्ये बोल्टनच्या जो स्मिथने त्याची बरोबरी केली. नवा नियम आल्यावर पहिल्याच मोसमात ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या टेड हार्परने ४३ गोल केले. दुसऱ्या मोसमात सर्वाधिक गोल जिमी ट्रॉटरचे होते आणि ते ३७ होते, म्हणजे नियमबदलापूर्वीच्या विक्रमापेक्षाही एक कमी. तिसऱ्या मोसमात डीनचे ६०. चौथ्या मोसमात संडरलँडच्या डेव्ह हॅलिडेचे ४३. त्यानंतर १९३०-३१ मध्ये ॲस्टन व्हिलाच्या पोंगो वॉरिंगने ४९ पर्यंत मजल मारली, पण त्या मोसमात त्याच्या संघानेच १२८ गोल केले होते. नियमाने उत्तम गोलकर्त्याची पातळी तिशीच्या शेवटून चाळिशीत आणली, एखाद्याला पन्नाशीच्या उंबऱ्यापर्यंतही नेले. तेथून ६० पर्यंतचे अंतर नियमाने कापलेले नाही.

याला प्रतिपक्षाकडे एक चांगले उत्तर आहे आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. डीनच्या आदल्याच मोसमात, १९२६-२७ मध्ये, मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने दुसऱ्या श्रेणीत ५९ गोल केले होते. लागोपाठच्या दोन मोसमांत ५९ आणि ६० हे योगायोगाने कसे होईल, त्या दोन वर्षांत गोल स्वस्तच झाले होते, असा तो युक्तिवाद आहे. परंतु ही गोष्ट अर्ध्यावर सोडली तरच ती प्रतिपक्षाच्या कामाची आहे. कॅमसेलच्या ५९ गोलांच्या बळावर मिडल्सब्रो वरच्या श्रेणीत आले आणि १९२७-२८ मध्ये कॅमसेल आणि डीन एकाच श्रेणीत, एकाच नियमाखाली, त्याच बचावपटूंसमोर उभे राहिले. मिडल्सब्रोने त्या मोसमात ८१ गोल केले, जे श्रेणीच्या सरासरीपेक्षा किंचित जास्तच होते. म्हणजे संघ गोल करत नव्हता असे म्हणता येत नाही. त्यांपैकी ३३ गोल कॅमसेलचे होते. हा खेळाडू इंग्लंडच्या इतिहासातील अव्वल गोलकर्त्यांपैकी एक आहे, हे पुढे येईलच. त्याच्या ३३ आणि डीनच्या ६० यांमध्ये जो फरक आहे, तो कोणत्याही नियमपुस्तकात सापडणार नाही.

आता थोडे ढोबळ गणित. अशा गणितावर फार भार टाकू नये हे मला मान्य आहे, परंतु दावा करणारे स्वतःच काळाचा हिशेब मागतात, तेव्हा तो पुरता करावा. डीनच्या मोसमातील सामन्यामागे ३.८२ गोलांची सरासरी नियमबदलापूर्वीच्या २.५८ वर आणली, तर त्याच प्रमाणात ६० चे सुमारे ४० होतात. म्हणजे नियम बदललाच नसता असे गृहीत धरले तरी ३८ चा जुना विक्रम मोडला गेला असता. २०२२-२३ च्या प्रीमियर लीगमध्ये ३८० सामन्यांत १,०८४ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे २.८५, त्या मापाने डीनचे ६० साधारण ४५ होतात. हालंडचे ३६ त्यामुळे लहान ठरत नाहीत. उलट श्रेणीतील एकूण गोलांमधला वाटा पाहिला तर दोघे आश्चर्य वाटावे इतके जवळ आहेत: डीनचा ३.४ टक्के, हालंडचा ३.३ टक्के. त्यामुळे हालंडची कामगिरी डीनच्या तोडीची आहे असे कोणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. परंतु तीच आकडेवारी दाखवून डीनचा आकडा पोकळ ठरवणे म्हणजे एका हाताने दिलेले माप दुसऱ्या हाताने काढून घेणे आहे.

दुसरा मुद्दा बचावपटूंचा आणि दुबळ्या संघांचा. बचावाला उत्तर सापडले नव्हते हे विधान कालगणनेला धरून नाही. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी, नव्या नियमाचा पहिला मोसम सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, आर्सेनल न्यूकॅसलकडून ०-७ असे हरले आणि त्या पराभवानंतर संघातला खेळाडू चार्ली बुकॅन याच्या आग्रहावरून व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी सेंटर हाफला मधल्या फळीतून मागे ओढून दोन फुलबॅकच्या मध्ये उभे केले. तिसरा बॅक म्हणतात तो हाच. सेंटर हाफ तोवर मैदानभर फिरून खेळ रचणारा खेळाडू होता. आता त्याचे मुख्य काम प्रतिस्पर्धी सेंटर फॉरवर्डची पाठ न सोडणे हे झाले. हे उत्तर एका रात्रीत सर्वत्र पोहोचले नाही आणि १९२७-२८ चे एकूण गोल पाहता ते पुरेसे पडत नव्हते, हे मान्यच आहे. परंतु नियमाने सेंटर फॉरवर्डला जी मोकळीक दिली, तिची किंमत म्हणून त्याच्या अंगाला चिकटलेला एक पहारेकरीही दिला, ही दुसरी बाजू दाव्यात कुठेच येत नाही. पाठीमागून पाय घालणे, खांद्याने ढकलणे यांकडे तेव्हाचे पंच आजच्यापेक्षा पुष्कळ उदारपणे पाहत. ट्रॅनमिअर रोव्हर्सकडून खेळताना अशाच एका धसमुसळ्या धडकेत किशोरवयीन डीनला एक वृषण गमवावा लागला होता. जखमी खेळाडूच्या जागी दुसरा उतरवण्याची सोय तर इंग्लंडच्या लीगमध्ये १९६५-६६ पर्यंत नव्हतीच.

आणि समोरचे संघ दुबळे होते म्हणावे, तर गुणतक्ता पाहावा. त्या मोसमात विजेत्या एव्हर्टनचे ५३ गुण होते आणि तळाच्या मिडल्सब्रोचे ३७. विजयाला दोन गुण मिळण्याच्या त्या काळात पहिल्या आणि बाविसाव्या संघात फक्त १६ गुणांचे अंतर होते. चौथ्या क्रमांकावरील डर्बी काउंटीचे ४४ गुण झाले आणि एकविसाव्या क्रमांकावरील टॉटनहॅम ३८ गुण मिळवूनही खालच्या श्रेणीत गेले. दरम्यानचे अनेक संघ ३९ गुणांवर एकमेकांना खेटून उभे होते. इतकी चुरशीची श्रेणी आजच्या प्रीमियर लीगमध्ये शोधूनही सापडायची नाही. याचे एक कारण बहुधा कमाल वेतनाची मर्यादा असावी: १९२२ पासून कोणत्याही क्लबला खेळाडूला मोसमात आठवड्याला ८ पौंडांपेक्षा अधिक पगार देता येत नसे, त्यामुळे श्रीमंत क्लबाने पैशांच्या जोरावर सगळी गुणवत्ता गोळा करण्याला आळा बसे. हे बचावपटू हौशी होते, हा समजही निराधार आहे. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलला १८८५ मध्येच मान्यता मिळाली होती आणि डीनला अडवणारे सगळे पगारी, पूर्णवेळ खेळाडू होते.

सामने जास्त होते, हा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. मोसमात ४२ सामने होते खरे, पण डीन मुख्यतः प्रातिनिधिक सामन्यांमुळे त्यांतील तीन खेळलाच नाही, कारण तेव्हा इंग्लंडचा सामना असला तरी लीग थांबत नसे. ३९ सामन्यांत ६० म्हणजे सामन्यामागे १.५४ गोल, आणि याच वेगाने हालंडइतके ३५ सामने खेळला असता तरी त्याचे ५४ गोल झाले असते.

पोलादी पट्टीची कथा मात्र जरा सविस्तर पाहण्याजोगी आहे, कारण ती दावा करणारे आणि डीनचे भक्त असे दोघेही आवडीने सांगतात. जून १९२६ मध्ये उत्तर वेल्समध्ये मोटारसायकलच्या अपघातात एकोणीस वर्षांच्या डीनची कवटी आणि जबडा मोडला. तो पुन्हा खेळेल याची डॉक्टरांना आशा नव्हती. प्रत्यक्षात तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संघात परतला. त्यावरून त्याच्या कपाळामागे धातू आहे आणि म्हणून चेंडू गोळीसारखा सुटतो, अशी आख्यायिका तयार झाली. ही वडाची साल पिंपळाला लावण्याची तऱ्हा आहे. अपघातापूर्वीच त्याने ट्रॅनमिअरकडून तिसऱ्या श्रेणीत २७ आणि एव्हर्टनकडून ३४ असे लीगमध्ये ६१ गोल केले होते. मार्च १९२५ मध्ये एव्हर्टनने त्याच्यासाठी ३,००० पौंड मोजले, ते अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात धातू होता म्हणून नव्हे. १९२५-२६ च्या, म्हणजे अपघाताच्या लगेच आधीच्या, मोसमात त्याने पहिल्या श्रेणीत ३८ सामन्यांत ३२ गोल केले.

शिवाय हेडर म्हणजे कवटीच्या कठीणपणाची परीक्षा नाही. डीनची उंची सुमारे ५ फूट १० इंच होती. सेंटर हाफमध्ये त्याच्याहून उंच खेळाडू पुष्कळ होते. त्याचे वैशिष्ट्य होते ते उडी घेण्याच्या क्षणात, म्हणजे प्रतिस्पर्धी जमिनीवर असतानाच हवेत असणे आणि मानेच्या जोराने चेंडू खाली, गोलरक्षकाच्या पायांकडे वळवणे यांत. आणि त्याला तसे चेंडू पुरवणारा माणूस होता डाव्या बगलेवरचा अ‍ॅलेक ट्रूप. फॉरफरहून आलेला हा स्कॉटिश विंगर जेमतेम ५ फूट ५ इंचांचा होता. त्याचे गळ्याजवळचे हाड इतके नाजूक होते की प्रत्येक सामन्यापूर्वी खांदा पट्ट्यांनी आवळून बांधावा लागे. त्याचा क्रॉस, म्हणजे बगलेवरून गोलसमोर उंच मारलेला चेंडू, गोलरक्षकाच्या हाताबाहेर, पण सेंटर फॉरवर्डच्या कपाळाच्या आवाक्यात येऊन हवेत क्षणभर रेंगाळत असे. डीनचे श्रेय कमीच करायचे असेल तर पट्टीपेक्षा ट्रूपचे नाव घ्यावे. ते निदान न्यायाचे तरी होईल.

डीनच्या बाजूनेही इथे एक अतिशयोक्ती ऐकू येते, तीही दुरुस्त केलेली बरी. त्या वेळचा चेंडू आजच्यापेक्षा जड होता असे सर्रास सांगितले जाते. नियमाप्रमाणे १९३७ पर्यंत चेंडूचे वजन १३ ते १५ औंस, म्हणजे साधारण ३७० ते ४२५ ग्रॅम असे. आज ते ४१० ते ४५० ग्रॅम आहे. कोरडा चेंडू, म्हणजे, उलट थोडा हलकाच होता. पावसात मात्र चामडे पाणी पिई आणि खेळ संपेपर्यंत चेंडू भलताच जड होई. त्यात शिवणीवरची चामड्याची वादी कपाळाला लागली की कातडी सोलली जाई. इंग्लंडच्या हिवाळ्यात कोरडे दिवस किती, हे वेगळे सांगायला नको.

आता शेवटच्या सामन्याचे पाहू. दोन सामने उरले होते तेव्हा डीनचे ५३ गोल झाले होते आणि कॅमसेलचे ५९ मागे टाकायला सात हवे होते. त्याने बर्नलीच्या मैदानावर चार गोल केले. एव्हर्टनने तो सामना ५-३ असा जिंकला. राहिले तीन. ५ मे १९२८ रोजी एव्हर्टनच्या गुडिसन पार्क या मैदानावर प्रतिस्पर्धी होता आर्सेनल. विजेतेपद आधीच पक्के झाले होते, त्यामुळे एव्हर्टनच्या दहाही खेळाडूंचे लक्ष अकराव्याला चेंडू देण्यावर होते, हे खरे आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. परंतु आर्सेनलने हे गोल बहाल केले असे म्हणणाऱ्याने तो सामना कसा झाला हे पाहावे. सुरुवातीच्या दोनेक मिनिटांतच आर्सेनलने गोल करून आघाडी घेतली. डीनने लगेच बरोबरी साधली आणि थोड्याच वेळात पेनल्टीवर दुसरा गोल केला. मध्यंतरापूर्वी आर्सेनलने पुन्हा बरोबरी केली, तीही एव्हर्टनच्या बचावपटूच्या स्वयंगोलावर. त्यानंतर दुसऱ्या अर्धाचा बहुतेक काळ तिसरा गोल होईना. सामना संपायला काही मिनिटे उरली असताना ट्रूपने डावीकडून कॉर्नर घेतला, गोलसमोरच्या गर्दीतून डीन वर आला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. एवढे झाल्यावर तरी आर्सेनलने हात टेकावेत? त्यांनी शेवटच्या क्षणी आणखी एक गोल करून सामना ३-३ असा सोडवला. ज्या संघाला गोल दान करायचे असतात, तो संघ दोनदा बरोबरी आणि एकदा आघाडी घेत नाही. हा चार्ली बुकॅनच्या कारकिर्दीतला अखेरचा सामना होता, हेही जाता जाता सांगायला हवे. तिसऱ्या बॅकचा आग्रह धरणारा खेळाडू निवृत्त होत असताना त्याच्याच संघावर हॅट्ट्रिक झाली.

एकाच सामन्याच्या भाषेत बोलायचे तर त्या मोसमातला ८ ऑक्टोबर १९२७ चा सामना अधिक बोलका आहे: एव्हर्टनने मँचेस्टर युनायटेडला ५-२ असे हरवले आणि पाचही गोल डीनचे होते. ऑक्टोबरमध्ये कोणाच्याही मनात विक्रम नव्हता.

तो एका मोसमाचा खेळाडू होता, हे विधान करणाऱ्याने पुढचे-मागचे आकडे पाहिलेच नसावेत. एव्हर्टनकडून त्याचे लीगमधले गोल मोसमागणिक असे आहेत: १९२५-२६ मध्ये ३२, अपघातानंतरच्या मोसमात २७ सामन्यांत २१, मग ६०, मग २९ सामन्यांत २६ आणि १९२९-३० मध्ये २५ सामन्यांत २३. या शेवटच्या मोसमात दुखापतींनी त्याला बराच काळ बाहेर ठेवले आणि एव्हर्टन तळाला जाऊन खालच्या श्रेणीत घसरले, हेही लिहून ठेवतो. दुसऱ्या श्रेणीत त्याने ३७ सामन्यांत ३९ गोल केले, त्यात सलग बारा सामन्यांत गोल होते. संघ विजेता होऊन परतला आणि १९३१-३२ मध्ये थेट पहिल्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून बसला. त्या मोसमात डीनचे ३८ सामन्यांत ४५ गोल होते. हा मोसम ६० च्या सावलीत झाकला जातो, नाही तर एरवी एखाद्याच्या नावाला एवढ्यावरच पुतळा उभा राहिला असता. २९ एप्रिल १९३३ रोजी वेम्बलीवर त्याच्या नेतृत्वाखाली एव्हर्टनने मँचेस्टर सिटीला ३-० असे हरवून एफए कप जिंकला. दुसरा गोल त्याचा होता. अंतिम सामन्यात खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक येण्याची ती पहिलीच वेळ, आणि १ ते २२ अशा त्या क्रमांकांत डीनच्या वाट्याला ९ आला. एव्हर्टनकडून लीगमध्ये ३९९ सामन्यांत ३४९ आणि सर्व स्पर्धा मिळून ४३३ सामन्यांत ३८३ गोल असा त्याचा एकूण हिशेब आहे. ६० वजा केले तरी लीगमध्ये ३६० सामन्यांत २८९ उरतात.

इंग्लंडचा मुद्दा तेवढा सरळ नाही. १६ सामन्यांत १८ गोल या आकड्यांत अपयश शोधणे अवघड आहे, तरी ते शोधले जाते. फेब्रुवारी १९२७ मध्ये वेल्सविरुद्ध पदार्पणातच दोन गोल, मग २ एप्रिलला हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंडविरुद्धच्या २-१ विजयात दोन्ही गोल, आणि १९०४ नंतर ग्लासगोमध्ये इंग्लंड प्रथमच जिंकलेले; त्यानंतर बेल्जियम आणि लक्झेंबर्गविरुद्ध प्रत्येकी तीन आणि फ्रान्सविरुद्ध दोन. पहिल्या पाच सामन्यांत १२ गोल. म्हणजे उरलेल्या अकरा सामन्यांत सहाच झाले, आणि मार्च १९२८ मध्ये वेम्बलीवर स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ असे धुतले त्या सामन्यात डीन कोरा राहिला. घसरण होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु शेवटचा सामना खेळला तेव्हा तो अवघा पंचवीस वर्षांचा होता आणि त्याच्या आदल्याच मोसमात त्याने लीगमध्ये ४५ गोल केलेले होते. इंग्लंडला तेव्हा व्यवस्थापक नव्हता. संघ निवडत असे ती एफएची, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची, निवड समिती, आणि तिचे निर्णय सामन्यागणिक बदलत. ब्रिटिश संघटना १९२८ मध्ये फिफामधून बाहेर पडल्यामुळे १९३०, १९३४ आणि १९३८ या तिन्ही विश्वचषकांत इंग्लंड नव्हतेच. ही समिती किती लहरी होती याचा दाखला पुन्हा कॅमसेलच देतो: त्याने इंग्लंडकडून खेळलेल्या प्रत्येक सामन्यात गोल केला, एकूण १८ गोल केले आणि त्याला मिळालेले सामने होते फक्त नऊ. ज्या समितीने असा माणूस नऊ सामन्यांवर घरी बसवला, तिच्या निवडीला डीनच्या कुवतीचे प्रमाणपत्र मानता येत नाही.

राहता राहिला दाव्याचा शेवटचा धागा: नंतर कोणी ६० च्या जवळ गेले नाही, कारण नंतर गोलच कमी झाले. हे तपासायला सोपे आहे. १९६०-६१ च्या मोसमात पहिल्या श्रेणीत पुन्हा बावीस संघ, पुन्हा ४६२ सामने होते आणि ऑफसाइडचा नियम १९२५ चाच, दोन प्रतिस्पर्ध्यांचा होता. गोल झाले १,७२४, म्हणजे सामन्यामागे ३.७३, डीनच्या मोसमातील ३.८२ च्या अगदी लगत. त्या मोसमात सर्वाधिक गोल केले ते चेल्सीच्या जिमी ग्रीव्ह्जने, ज्याने पुढे पहिल्या श्रेणीत एकूण ३५७ गोल करून डीनचे ३१० मागे टाकले आणि ज्याला अनेक जाणकार इंग्लंडचा सर्वांत निष्णात गोलकर्ता मानतात. त्याच्या संघाने त्या मोसमात ९८ गोल केले, एव्हर्टनच्या १०२ पेक्षा चारच कमी. ग्रीव्ह्जचे गोल होते ४१.